अठराजणींचा एक हात

बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांत झाडलोट करणाऱ्या अठराजणींच्या मुकादम जमनाबाई. त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: रक्तदाब मोजला की नोकरी जाते. का नाही बसणार? गेल्या वर्षी कंत्राटदारानं तपासणी ठेवली, तिघींचा जास्त निघाला, आणि पुढच्या पहिल्या तारखेला तिघी घरी. त्यामुळे बसवनगुडीच्या संशोधन संस्थेतला डॉक्टर पुष्कर यंत्र घेऊन वस्तीत आला, तेव्हा बाईंनी ठरवलं, या पुण्याच्या पाहुण्याला गोड बोलून वाटेला लावायचं.

गरिबांनाच आजार जास्त का होतात याचा हा अभ्यास आहे, नावं कुणाला कळणार नाहीत, असं तो बिचारा घसा कोरडा करून सांगत होता. कंत्राटदारही असंच गोड बोलला होता. बाई म्हणाल्या, आमच्या बायका परक्या पुरुषापुढं बसत नाहीत, पडदा लावा. रोज हजार पुरुषांच्या पायांमधून झाडू मारणाऱ्या या बायका! पण पुष्करला ते कुठून सुचणार? त्यानं पडदा मान्य केला.

पडद्यामागं बसली एकटी स्मृती, जमनाबाईंची सून. वय बावीस, कबड्डी खेळणारी, तब्येत ठणठणीत. बाईंनी अठरा नावं पुकारली आणि अठरा वेळा तिचाच हात बाहेर आला. कधी हिरव्या बांगड्या, कधी लाल, कधी नुसताच. चौदाव्या वेळी दंडाला मुंग्या आल्या, तेव्हा पोरीनं डावा दिला. पुष्कर प्रत्येक आकड्याला ‘छान’ म्हणत होता, आणि मागच्या खोलीत बाकीच्या तोंडात पदर कोंबून हसत होत्या.

आठव्या दिवशी तो पेढे घेऊनच आला. म्हणाला, वस्तीत एकीलाही त्रास नाही, सगळे थक्क झालेत. उलट एचएसआर लेआउटमध्ये कॉम्प्युटरपुढं बसणाऱ्यांचेच आकडे चढलेले. संस्थेचा फिरता दवाखाना, दर गुरुवारी फुकट गोळ्या, याच वस्तीसाठी मागितला होता. आता तो तिकडं जाणार.

बाईंचा पेढा हातातच राहिला. महिनाभर त्यांना सकाळी उठताना भिंत धरावी लागत होती, आणि हे त्यांनी सुनेलाही सांगितलं नव्हतं. आपल्याच हातानं आपला दवाखाना घालवला, आणि तोही एसीत बसणाऱ्यांना! त्यांना स्वतःचा असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.

“स्वल्प थांबा, अण्णा,” त्या म्हणाल्या, आणि पडदा, बांगड्या, सून, घरी बसलेल्या तिघी, सगळं ओकून टाकलं. पुष्करचा चेहरा पार उतरला. त्यानं आकड्यांचा कागद पुढं केला. त्यावर खरंच एकही नाव नव्हतं, नुसते क्रमांक.

बाई कागदाकडं बघत राहिल्या, मग त्याच्याकडं.

“एकच हात अठरा वेळा धरून ज्याला ओळखू आला नाही, तो आमची नावं काय सांगणार? सरी, ठीक आहे, मोजा.”

पडदा त्यांनीच ओढून काढला आणि समोर बसल्या. पुष्करनं मोजलं. पुन्हा मोजलं. एकशे शहाण्णव. या वेळी तो ‘छान’ म्हणाला नाही, घाईघाईनं बॅगेत गोळी शोधू लागला.

जमनाबाईंनी वाकून तो आकडा पाहिला.

“एवढा पुरे का हो,” त्यांनी विचारलं, “दवाखाना यायला?”