जिन्यातला दिवा आणि वेंकोबा

मित्रांनो, मी एक जुना विजेचा खटका आहे. काळा, गोल, मधोमध पितळी दांडी असलेला. मद्रासला तिरुवल्लिकेणीतल्या एका तीनमजली इमारतीत, जिन्याच्या पायथ्याशी, एकोणीसशे बावन्न साली मला भिंतीवर बसवलं. जिन्यातला एकुलता एक दिवा माझ्या हाती होता.

येणारा-जाणारा माझी दांडी खाली ओढी; वर करायचं मात्र कोणाला सुचत नसे. अकरा बिऱ्हाडांचा दिवा, म्हणजे कोणाचाच नाही. भर दुपारीही तो जळत राही. अपवाद तळमजल्यावरच्या वेंकोबांचा. ते तंजावरकडचे मराठी, एका कचेरीत कारकून. तेव्हा विजेची टंचाई होती. "आपण उधळायची आणि दुसऱ्यानं अंधारात बसायचं, हे बरं नव्हे," असं पुटपुटत ते दिवा मालवीत. त्यांच्या बोटांची मला ओळख पटली होती.

एकदा दिवेलागणीला, बाहेर निघायच्या घाईत, त्यांनी सवयीनं माझी दांडी वर केली. जिन्यात बघितलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या राजसबाई अंगणातल्या नळाकडे रिकामी घागर घेऊन उतरत होत्या. अंधारात त्यांची पायरी चुकली. घागर गडगडत माझ्यापाशी आली आणि मागोमाग त्यांचं कण्हणं ऐकू आलं. मनगट मोडलं होतं.

वेंकोबांनीच त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेलं. पण त्यानंतर त्यांनी मला हात लावला नाही. दिवा रात्रंदिवस जळू लागला, आणि ते मान खाली घालून माझ्यासमोरून जात.

दीड महिन्यानं राजसबाई प्लास्टर काढून परतल्या. बाहेर लख्ख ऊन, आत दिवा चालूच. वेंकोबा दारात उभे होते.

"वेंकोबा, हा का मालवला नाही?"

"नको, अक्का. या हातानं एकदा पाप झालं."

"मालवणं चुकलं नव्हतं. वर कोण आहे, ते विचारायचं राहिलं. मला राग आला तो तेवढ्याचाच. आता विचारा आणि मालवा."

वेंकोबांनी जिन्याकडे तोंड करून हाक दिली, "वर कोण?" मग तमिळमध्ये, "यारु?" उत्तर आलं नाही. तेव्हा कुठे त्यांची बोटं माझ्यावर टेकली.

हळूहळू सगळी बिऱ्हाडं तशी हाक देऊ लागली. कधी वरून "थांबा, उतरतेय," असं उत्तर येई, आणि खालचं माणूस माझ्यापाशी थांबून राही.

मित्रांनो, आता माझी दांडी सैल झाली आहे. माझ्या जागी लवकरच नवा खटका येईल. दिवा नको असेल तेव्हा तो जरूर मालवा, मग तो सगळ्यांचा का असेना. फक्त आधी एक हाक द्या, आणि उत्तरासाठी क्षणभर थांबा.