फळ्यासमोरच्या चार रांगा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. इंदापूर तालुक्यात, कळसच्या पुढे, उसाच्या फडांमध्ये एक वस्तीशाळा आहे. तिच्या भिंतीवर माझा मुक्काम. दत्तोबा सुतारांनी मला घडवलं. पूर्वी मुलं बॅटरीच्या जुन्या सेलमधला कोळसा झाडपाल्यासोबत वाटून मला दरवर्षी काळाभोर करायची. आता शेजारी टीव्ही आलाय, त्यामुळे मला कुणी हिंग लावून विचारत नाही. वीज गेली की मात्र सगळ्यांना मीच आठवतो!

रेश्माबाई आमच्या कंत्राटी शिक्षिका. पुढची नेमणूक मिळणार की नाही, हे तपासणीला येणाऱ्या विस्तार अधिकारी साहेबांच्या शेऱ्यावर अवलंबून होतं. साहेब व्याकरण तपासणार असं कळलं आणि घाबरलेल्या बाईंनी एक सोपी वाट काढली. पहिल्या रांगेनं फक्त नामं पाठ करायची, दुसरीनं सर्वनामं, तिसरीनं विशेषणं, चौथीनं क्रियापदं. मला हे मुळीच पटलं नव्हतं. पण फळ्याचं कोण ऐकतं?

त्या सकाळी कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली शाळेपाशी हळू झाली. मग आमची पोरं जागेवर राहतील होय? सगळी धावली आणि मागून ऊस ओढू लागली. तेवढ्यात साहेबांची गाडी दिसली, तसा जो तो सापडेल तिथं येऊन बसला. बघतो तर काय, चौथ्या रांगेतली मोनाली पहिल्या रांगेत बसली होती!

"पहिली रांग नामं सांगेल," बाई म्हणाल्या आणि साहेबांनी नेमकं मोनालीलाच उठवलं. "बाळ, एक नाम सांग."

"पळतो, खातो, झोपतो..."

"मी नाम विचारलं."

मोनाली रडवेली झाली. "ती आमच्याकडं न्हायती, सर. आमच्या रांगंला क्रियापदंच हायती."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंच्या हातातला खडू मोडला. पोरीचा अभ्यास कच्चा आहे म्हटलं असतं, तर कदाचित निभावलंही असतं.

"चूक तिची नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "मीच वाटून दिलं होतं. नेमणूक जाईल म्हणून भ्याले."

साहेब खुर्चीतून उठले. मग पोरांमध्ये मांडी घालून बसले. "आता शिकवा."

बाईंनी मला स्वच्छ पुसलं. "मोनाली, मघाशी बाहेर काय केलंस?"

"म्या ऊस वढला."

बाईंनी ते वाक्य माझ्यावर लिहिलं, पहिलं अक्षर वाकडंच आलं. "यात वस्तू कोणती? आणि तू केलंस काय?"

चारही रांगांतून हात वर झाले. निम्मी उत्तरं चुकली. बाई पुसत होत्या, पुन्हा लिहीत होत्या. इतकं सुख मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

जाताना साहेबांनी शेरा लिहिला: "मुलांना अजून येत नाही. बाईंना शिकवता येतं. महिन्याने पुन्हा तपासणी." म्हणजे नेमणुकीचं अजून काही खरं नाही. पण आता रोज माझ्यावर लिहिलं जातं, आणि रोज पुसलंही जातं.

मित्रांनो, तुमच्या वर्गातल्या फळ्यावर धूळ साचू देऊ नका. त्याच्यापुढे या आणि खुशाल चुका. चुकलेलं पुसायलाच तर मी इथं आहे. झाकून ठेवलेलं मात्र माझ्यापर्यंत कधी पोचतच नाही.