मनगटातली दोरी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावरचे ‘मुक्तिदाते’ एकेकाला वर बोलवत, उजव्या मनगटाला तेल चोळत आणि मग अंगठा करंगळीला टेकवून मनगट आत वळवायला लावत. मनगटाच्या मधोमध ताठ दोरी उठली की ते खेदाने मान हलवत. सगळ्या आजारांचं मूळ म्हणे त्या दोरीत. “श्रद्धा कच्ची आहे, पुन्हा या.” पण अधूनमधून एखाद्याची दोरी उठतच नसे. तेलाने ती विरघळली, असं जाहीर व्हायचं आणि टाळ्यांचा कडकडाट.

माझ्या धाकट्या बहिणीची दोरी अशीच ‘विरघळली’ होती. तेव्हापासून तिने फिटच्या गोळ्या बंद केल्या. ती कपडे शिवते. परवा मशीनवरच तिला फिट आली आणि सुई बोटात घुसली. तरी तिचं एकच पालुपद, उरलंसुरलं दुखणं बाहेर पडतंय. मी एकदा येऊन डोळ्यांनी बघावं म्हणून तिनेच मला इथे ओढून आणलं होतं.

मी बघितलं आणि त्या मुक्तिदात्याला ओळखलं. दाढीआडचा तो चेहरा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा होता. मी जीवशास्त्र शिकवते. मनगट वळवण्याचा हाच प्रयोग मी त्याच्या वर्गाकडून करून घेतला होता. तास संपल्यावर तो एकटाच थांबून शंका विचारत राहिला, आणि मी घरी त्याचं तोंड भरून कौतुक केलं होतं.

मी बहिणीला घेऊन सरळ वर गेले.

“हिचा डावा हात बघू या,” मी म्हणाले. “याला तुम्ही तेल लावलेलं नाही.”

तिने डावं मनगट वळवलं. तिथेही दोरी नव्हती. मग मी साऱ्या सभागृहाला डावा हात वळवायला सांगितलं. तेलाचा थेंबही न लागलेल्या कितीतरी मनगटांत दोरी नव्हती. कुजबुज वाढत गेली.

मी समजावून सांगितलं. ही दोरी म्हणजे एका बारीक स्नायूची कंडरा, त्याचं दोरीसारखं चिवट टोक. फांद्यांना लोंबकळणाऱ्या आपल्या वानरपूर्वजांना तो कामाचा होता. आपण जमिनीवर आलो, त्याची गरज सरली. पिढ्यानपिढ्या जनुकांत बारीक बदल होत राहतात. त्यातून काहींच्या हातात हा स्नायू तयारच होत नाही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही. हे जन्मापासूनच असतं. हे मुक्तिदाते आधी तेल लावतात आणि मग तपासतात. तेलाआधी कुणी बघतच नाही, एवढीच ती किमया.

तो माझ्या कानाशी वाकला. “बाई, हे तुम्हीच तर शिकवलंत.”

“शिकवलं. गोळ्या बंद करायला कोणत्या तासाला शिकवलं होतं?”

मला त्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. माझाच धडा त्याने माझ्याच बहिणीच्या जिवावर उठवला होता.

घरी आल्यावर बहिणीने आईला मनगट वळवायला सांगितलं. आई त्या सभागृहाकडे कधी फिरकलीही नव्हती. तिच्याही मनगटात दोरी नव्हती. बहीण बराच वेळ तो हात धरून बसली.

“ताई, मी त्याच्या पाया पडले गं,” ती म्हणाली. मग उठून तिने डॉक्टरांना फोन लावला आणि गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते विचारलं.

तेव्हा एवढंच सांगते. कुणी तुमचा एक हात धरून चमत्कार दाखवू लागला, तर टाळ्या वाजवण्याआधी दुसरा हात पुढे करा.