भर दुपारी पेटलेला दिवा

"बघा, लागला! भर उन्हात लागला! आत भूत अभ्यास करतंय की काय?" शेजारची मेव्ह खिडकीला नाक लावून कुरकुरली. तिच्या आणि माझ्यामध्ये फक्त काच होती. तोंड लपवायला मला जागा नव्हती.

मित्रांनो, मी हिरव्या टोपीचा, टेबलावरचा एक म्हातारा दिवा. व्हँकुव्हरमधल्या या घरात माझी हयात गेली. माझ्या उजेडात घरमालकीण नेलाबाईंनी कितीतरी नवऱ्यामुलींचे झगे शिवले. त्यांच्या लेकाने, रेंझोने, गणितं सोडवता सोडवता माझ्या टोपीला च्युइंगगम चिकटवलं, त्याचा डाग अजून आहे. तेव्हा मी खरा दिवा होतो. कुणाला तरी दिसायला हवं म्हणून पेटायचो.

मग रेंझो दूर हॅलिफॅक्सला गेला, तिथलाच झाला. नेलाबाईंचे गुडघे गेले, म्हणून त्या लेकीकडे, लोरेडानाकडे राहायला गेल्या. जाताना मला घड्याळाच्या खटक्याला जोडून गेल्या. संध्याकाळी आपोआप पेटायचं, रात्री विझायचं. "तू आहेस म्हणून घर भरलेलं वाटतं रे," असं म्हणाल्या. कौतुकच होतं ते. पण त्या दिवसापासून मी उजेड दिला नाही, नुसतं सोंग केलं.

आमच्या शहरात माणसं फार आणि घरं थोडी, म्हणून रिकाम्या घरावर दरवर्षी कर बसतो. घरचं माणूस किंवा भाडेकरू वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस राहिला तर कर माफ. कोण राहतं ते मालकाने दरसाल महापालिकेला कळवायचं.

"आई, यंदा कोण राहतं म्हणून सांगू?" लोरेडाना विचारायची.

"रेंझो. येणारच आहे तो."

लोरेडाना खाली बघून तेच कळवायची. मी वेळेवर पेटायचो.

मेव्ह शेजारच्या तळघरात भाड्याने राहणारी नर्स, पदरात लहान लेक. ते घर विकलं गेलं, तेव्हा तिने आमचं भाड्याने मागितलं. "रेंझो येणार आहे ना," नेलाबाई म्हणाल्या. मेव्हला दुसरं घर मिळालं नाही. आज ती गाव सोडून निघाली होती.

परवाच्या वादळात वीज गेली, ती बराच वेळ आली नाही. माझं घड्याळ मागे पडलं आणि मी भलत्या वेळी पेटू लागलो. ते दुरुस्त करायला मायलेकी आल्या, तर खिडकीतून डोकावून झालेली मेव्ह दारात निरोप घ्यायला उभी.

"रेंझो विसरला असेल बंद करायला," नेलाबाई सवयीने बोलून गेल्या.

"विसराळूच आहे हो तुमचा रेंझो," मेव्ह हळूच म्हणाली. "इतक्या वर्षांत एकदा कचऱ्याचा डबासुद्धा बाहेर ठेवला नाही त्याने."

लोरेडानाचे कान लाल झाले. "आई, यंदाचं कळवायचं राहिलंय. काय सांगू?"

नेलाबाईंनी माझ्या टोपीवरून हात फिरवला. बोट त्या डागावर थांबलं. बोटाला धूळ लागली होती. किती धूळ ती! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, दिव्याला माणसाजवळ ठेवा हो, माणसाच्या जागी ठेवू नका.

त्यांनी वाकून माझी वायर ओढली. खोली होती तशी दिसली.

"मेव्ह, गाडी सुरू करू नकोस, थांब," त्या म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. "खरं तेच सांग गं त्यांना. कर भरू. रेंझो येणार नाही. या घरात कुणीच राहत नाही."