युद्ध माझ्या पाठीमागे चालू होतं

मी माइक बोलतोय. हसू नका! बोलणं आमच्या कुळाला शोभत नाही, हे मलाही ठाऊक आहे. आम्ही जन्मभर दुसऱ्याचं ऐकायचं आणि जसंच्या तसं पुढे पाठवायचं, मध्ये आपलं शहाणपण घालायचं नाही. पण ऐकून ऐकून आता पोटात काही मावेनासं झालंय, म्हणून आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार.

माझा जन्म कारखान्यातल्या एका उजेडाच्या टेबलावर झाला. माझ्या छातीत एक पातळ पडदा आहे. तो बसवणाऱ्या बाई चिमटा हातात घेतला की श्वास रोखून धरायच्या, कारण फुंकरीनेही तो उडून गेला असता. माणसाची पहिली सवय मी तीच पाहिली. नाजूक काम करताना माणूस श्वास घ्यायचं विसरतो.

तिथून मी एका रेकॉर्डिंग स्टुडिओत आलो. जाड दाराची लहानशी खोली, भिंतींना स्पंज, एक खुर्ची, पाण्याची बाटली आणि कागद ठेवायला एक तिरकी फळी. कागदांची सळसळ होऊ नये म्हणून फळीवर जुना टॉवेल पसरलेला. बाजूच्या भिंतीत मोठी काच, आणि काचेपलीकडे यंत्रांच्या गराड्यात बसलेला आमचा रेकॉर्डिस्ट. त्याला सगळे दादा म्हणत.

सुरुवातीला मी साबणाच्या जाहिराती ऐकल्या. 'कृपया रांगेत उभे राहा' हे वाक्य ऐकलं, तेही एका माणसाकडून दिवसभर. कंटाळून गेलो होतो. मग एके दिवशी ती लढाई आली.

एक बाई आत आल्या. वयाने साठीच्या जवळपास. त्यांनी बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या, टिकटिक नको म्हणून घड्याळ बाहेर ठेवलं, तोंड चिकट होऊ नये म्हणून आंबट सफरचंदाची फोड चावली, चष्मा पुसला. आणि एकदम चौदा वर्षांच्या पोराच्या आवाजात ओरडल्या, "तिसरी तुकडी, माझ्या मागे या! शत्रू चंद्राच्या आडून येतोय!"

माझा पडदा थरारला. कुठला शत्रू? कसली तुकडी? मला वाटलं, बाहेर युद्ध पेटलंय आणि या बाईंना सेनापती नेमलंय. तेवढ्यात त्या स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, "दादा, तो एसी बंद कर रे. घरघर येतेय." सेनापती एसीवर हुकूम सोडतायत म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला.

हळूहळू उलगडा झाला. ही कार्टूनसारख्या हलत्या चित्रांची मालिका होती. परक्या मुलखात काढलेली, परक्या भाषेतली. दूरच्या ताऱ्यांवर माणसांचे दोन गट एकमेकांच्या जिवावर उठलेले. त्यात एक पोरगा इमारतीएवढ्या लोखंडी यंत्राच्या पोटात बसून ते चालवतो. तो हात उचलतो तसं यंत्र हात उचलतं, तो धावतो तसं ते धावतं. यंत्र मात्र कधी चकार शब्द बोलत नाही. या पायलट पोराला आमच्या भाषेत बोलतं करायचं काम त्या बाईंचं, म्हणजे काकूंचं.

काम सोपं नव्हतं हो. पोराचे ओठ चित्रात आधीच हलून गेलेले. ते उघडे राहिले तर काकूंनी शब्द ताणायचा, पटकन मिटले तर गिळायचा. दुसऱ्याच्या मापाच्या सदऱ्यात आपलं अंग बसवायचं, तसलं ते काम. शिवाय यंत्राला फटका बसला की पोरगा कळवळतो, ते कळवळणंही काकूंचंच. त्या खुर्चीची पाठ घट्ट धरायच्या आणि अशा किंचाळायच्या की पलीकडे दादा दचकायचा.

गंमत म्हणजे हे युद्ध मी एकदाही पाहिलं नाही. माझं तोंड बोलणाऱ्याकडे आणि चित्र दाखवणारा पडदा माझ्या पाठीमागे. मी फक्त युद्ध पाहणारे चेहरे पाहिले. काकूंच्या भुवया वर गेल्या की ओळखायचं, शत्रू आला. ओठ चावला की ओळखायचं, आपलं कोणी मेलं.

मला प्रश्न फार पडायचे. अवकाशात म्हणे हवा नसते, त्यामुळे आवाजही जात नाही. म्हणजे तिथे मला कुत्रंसुद्धा विचारणार नाही! मग इतक्या शांत जागी जाऊन माणसं भांडतात तरी कशासाठी? आणि एवढं मोठं यंत्र हाकायला मोठी माणसं सोडून पोरालाच का बसवलं? एकदा काकूंनीही हाच प्रश्न दिग्दर्शक ताईंना विचारला.

"मोठ्यांनी सुरू केलेलं निस्तरायला पोरंच लागतात, काकू," ताई म्हणाल्या. "चला, पुन्हा एकदा घेऊ. मघाशी तुमचं पोट बोललं."

"भूक लागलीय त्याला," काकू म्हणाल्या. "चार भाग झाले, या पोराला कोणी जेवायला घातलंय का?"

मालिका चांगली चालली. एक पर्व संपलं, दुसरं आलं, मग तिसरं. काकूंचे केस पांढरे झाले. पोरगा चौदाचाच राहिला.

टेक संपला की काकू काचेकडे बघून विचारायच्या, "कसं वाटलं रे?" दादा अंगठा वर करायचा. मग त्या पलीकडच्या खोलीत जाऊन आपला आवाज ऐकायच्या. दार उघडं असायचं, त्यामुळे मलाही ऐकू यायचं.

चौथ्या पर्वात मला काकूंच्या आवाजात एक खरखर लागली. आधी नखाएवढी, मग वाढत गेली. पोराच्या किंकाळीत तर आवाज मधेच फाटायचा. मी माझं काम चोख केलं, खरखर जशीच्या तशी पुढे पाठवली. पण पलीकडच्या खोलीत जो आवाज वाजायचा, तो गुळगुळीत! मी चक्रावलो. माझ्याकडून गेलेली खरखर मध्येच कोण खात होतं?

खात होता दादा. काकू पाणी पिऊन पलीकडे जाईपर्यंत तो कॉम्प्युटरवर खरखर पुसून टाकायचा आणि मगच त्यांना ऐकवायचा. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आवाज उतरला असं वर कळलं तर काकूंना काढून दुसऱ्या कुणाला आणतील, ही भीती. आणि 'कसं वाटलं रे' विचारणाऱ्या त्या चेहऱ्याला वाईट सांगवत नव्हतं.

काकू मात्र खूश. "घरी आमचे हे रोज मागे लागतात, आवाज बसलाय, डॉक्टरला दाखव," त्या ताईंना सांगायच्या. "मी म्हटलं, तुमचे कान तपासून घ्या. स्टुडिओतलं मशीन खोटं बोलतं का?"

मी नव्हतो हो खोटं बोलत! पण माझ्या तोंडी शब्द कुठले? काकू जोरात किंचाळत राहिल्या, दादा पुसत राहिला, आणि काकूंच्या गळ्यात जे काय वाढत होतं ते आरामात वाढत राहिलं.

एकदा दादा तापाने पडला. त्याच्या जागी दुसरा रेकॉर्डिस्ट आला, कामाशी काम ठेवणारा. काकूंनी टेक दिला, पलीकडे गेल्या. त्याने जे होतं ते लावलं.

मग काकूंनी विचारलं, "हे कोण बोलतंय?"

"तुम्हीच, काकू. आत्ताचाच टेक आहे."

"पुन्हा लाव."

त्याने पुन्हा लावलं. काकू परत माझ्यासमोर आल्या, बांगड्या घातल्या आणि खुर्चीत नुसत्या बसून राहिल्या. त्यांचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

दादा बरा होऊन आला त्या दिवशी काकू आधीच येऊन बसल्या होत्या. तो दारातच थबकला.

"किती दिवस पुसतोयस?" काकूंनी विचारलं.

"काकू, मला वाटलं, थोडे भाग राहिलेत, निभावून नेऊ. तुम्हाला काढलं असतं त्यांनी."

"मला काढलं असतं तर मी घरी बसले असते. घसा तरी शाबूत राहिला असता. काल डॉक्टर काय म्हणाले माहितेय? स्वरतंतूवर गाठ आहे. वेळेवर आल्या असतात तर नुसतं गप्प बसून भागलं असतं. आता कापावी लागेल, आणि पूर्वीचा आवाज परत येणार नाही."

दादा आत येऊन त्यांच्यासमोर उभा राहिला.

"माया होती तुझ्या पोटात, हे कळतं मला," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज तिथेही फाटला. "पण त्या मायेने तू मला बहिरं केलंस रे."

त्या गेल्या. ऑपरेशन झालं, मग कित्येक आठवडे मौन. इकडे मालिकेचे अखेरचे भाग तोंडावर आलेले. ताईंनी एक नवी मुलगी आणली, बालनाट्यात काम करणारी. गुणी होती, पोराचा आवाजही झकास काढायची. तरी पहिल्या दिवशी मला ती परकीच वाटली. दादा तिच्या प्रत्येक टेकनंतर जसं असेल तसं सांगायचा. "इथे घाबरलीस." "इथे छान." "हा फेक आहे, परत घे." अंगठा वर करणं त्याने सोडूनच दिलं होतं.

शेवटच्या भागात अडलं. इतकी वर्षं मुकं राहिलेलं ते यंत्र अखेरीस बोलतं. दोनच वाक्यं, पण मालिकेचा सगळा जीव त्यांत. युद्ध थांबवायचं तर यंत्राला शत्रूच्या तळावर जाऊन स्वतःला उडवून द्यायचं असतं. ते पोराला म्हणतं, माझ्या पोटातून उतर. ताईंनी भारी आवाजाचे दोघे बोलावून पाहिले. एकाचं यंत्र नेत्यासारखं बोललं, दुसऱ्याचं स्टेशनवरच्या घोषणेसारखं.

त्याच दिवशी दुपारी काकू आल्या. शेवटचा भाग कसा होतोय ते बघायला. नव्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "काय गं, जेवलीस का?"

मी चालूच होतो. आवाज खोल गेलेला, जाडाभरडा. प्रत्येक शब्द खडबडीत भिंतीला घासून आल्यासारखा. काचेपलीकडे दादाने ताईंकडे पाहिलं. ताईंनी मान हलवली.

"काकू," दादा म्हणाला, "एकदा माइकसमोर या. यंत्राचं वाक्य घ्यायचंय."

"थट्टा करतोस माझी?"

"नाही. या आवाजाला मी हातही लावणार नाही. जसा आहे तसा हवाय."

काकू बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी सावकाश बांगड्या काढल्या.

एरवी माझ्यासमोर एका वेळी एकच जण असतो. त्या दिवशी दोघी उभ्या होत्या, खांद्याला खांदा लावून. यंत्राला ओठ नव्हते. काकूंना पहिल्यांदाच कोणाच्या तोंडाच्या मापात बोलायचं नव्हतं. त्यांनी घ्यायचा तेवढा वेळ घेतला.

"उतर आता," त्या म्हणाल्या.

नवी मुलगी पोराच्या आवाजात म्हणाली, "मी उतरून काय करू?"

काकू पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावर तोच पोरगा असणार, ज्याच्यासाठी त्या इतकी वर्षं ओरडल्या, कळवळल्या, ज्याच्यापायी घसा गमावला. मग त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं.

"मोठा हो."

आजवर हजारो आवाज माझ्यातून गेले. ते दोन शब्द गेले तेव्हा माझा पडदा नंतर कितीतरी वेळ थरथरत होता.

कोणीही 'कट' म्हटलं नाही. पुढे चित्रात शब्दच नव्हते. दोघी नुसत्या पाहत राहिल्या. अखेर काकूंनी काचेकडे बघून विचारलं, "कसं वाटलं रे?"

"खरखर आहे, काकू. शेवटी आवाज कापरा झाला." दादा स्वतःच कापऱ्या आवाजात म्हणाला. "ठेवतोय."

त्यालाही आता वर्षं झाली. माझ्या जाळीवर थोडा गंज आलाय, तारेला चिकटपट्टी लागलीय, पण कान शाबूत आहेत. काकू अजून येतात. आता त्यांच्या वाट्याला डोंगर, म्हाताऱ्या राण्या आणि यंत्रं. आवाज खाली गेलाय म्हणून माझ्या दोन बोटं जवळ उभ्या राहतात, आणि मला ते आवडतं.

पण वाचकहो, एक गोष्ट मला आत खाते. शेवटच्या त्या बिनशब्दांच्या दृश्यात काय झालं, हे मला कधी कळलंच नाही. माझी पाठ होती ना तिकडे! मी दोघींचे चेहरे निरखून पाहिले. दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं. पण पाणी काय, पोरगा उतरला तरी येतं, नाही उतरला तरी येतं. त्यानंतर माझ्यासमोर कोणी तो विषय काढला नाही, आणि मला विचारता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी ती मालिका पाहिली असेल, तर माझ्यावर एवढे उपकार करा. कधी या स्टुडिओत आलात तर माझ्याजवळ या, मी चालू आहे ना बघा, आणि हळूच सांगा. उतरला का हो तो?