सात नंबरची चौकट

"सर, मले ओळखलं काय?" रागिणीनं तिसऱ्यांदा विचारलं. मोरोपंत सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि बायकोला विचारलं, "या वीजबिलाच्या बाई का?"

"अहो, तुमची विद्यार्थिनी. अकोल्याहून आली मुद्दाम." रमाकाकू रागिणीकडे वळल्या. "मनाला लावून घेऊ नको ग. परवा पोटच्या मुलालाही ओळखलं नाही त्यांनी."

लावून कसं नाही घ्यायचं? कॉम्प्युटर शिकवण्यात रागिणीची हयात गेली, ती या एका माणसापायी. त्यांनी एकदा, एकदाच ओळखावं, म्हणून ती दुखऱ्या गुडघ्यांनी राजापेठेतला हा जिना चढली होती.

सरही काय वल्ली! पंचेचाळीस वर्षांपूर्वी कॉलेजात कॉम्प्युटरचा पत्ता नव्हता, तेव्हा यांनी कॉम्प्युटरचा वर्ग काढला. फरशीवर खडूनं दहा चौकटी आखल्या, प्रत्येकीत पाटी देऊन एकेक पोरगं उभं केलं. "ही मशीनची मेमरी. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, सांगितल्याशिवाय पुसायचं नाही, चौकट सोडायची नाही." अख्खं कॉलेज हसलं. त्याच चौकटींत त्यांनी आकडे क्रमानं लावायची नवी रीत शोधली आणि ती पुढे परदेशातल्या मशीनांवर चालली. तिकडून बोलावणी आली. "माझी पोरं उभी आहेत हो इथे," म्हणाले आणि गेले नाहीत. सात नंबरच्या चौकटीत रागिणी असायची.

"काकू, रांगोळी आहे काय?"

डबा आला. रागिणीनं कशीबशी वाकून फरशीवर चौकट काढली, आत सातचा आकडा घातला आणि उभी राहिली.

पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"बस ग आता, पाय भरून येतील," काकू म्हणाल्या. ती बोलली नाही. नियमच होता तसा.

सर चौकटीकडे पाहत होते. हळूच म्हणाले, "सात. काय ठेवलंय तुझ्याजवळ?"

"एकशे बारा, सर." शेवटच्या तासाला घंटा झाली आणि पाटीवरचा हा आकडा पुसायला सांगायचं सर विसरले होते. तिनं आजवर पुसलं नव्हतं.

"बरोबर!" सरांचा चेहरा उजळला. "रागिणी. भातकुली गावची. एसटी चुकली की रडायचीस."

आताही ती रडतच होती. सरांनी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं, मग मान वळवली.

"अहो, या बाई उभ्या का? बसायला द्या त्यांना."

काकूंनी घाईनं खुर्ची सरकवली. "बसतेस ना ग?" रागिणीनं डोळे पुसले, पण जागची हलली नाही.

"राहू द्या, काकू. चौकट सोडाले सरनं अजून सांगतलं नाही."