रविवारची शीळ

कारखान्यात त्याला सगळे कानसेन म्हणायचे. लेथवर शाफ्ट फिरतोय, टूल कापतंय, आणि हा गडी चार मशीन पलीकडून ओरडणार, "अरे, धार गेली तुझी! बंद कर, बंद कर!" जाऊन बघावं तर खरंच धार गेलेली. फोरमनने एकदा सगळ्यांना कानात घालायचे बोळे वाटले. ह्याने ते खिशात टाकले ते टाकलेच. "कानात बोळे घालून लेथ चालवायची म्हणजे डोळ्यांना पट्टी बांधून रस्ता ओलांडायचा," म्हणाला. निवृत्त होईपर्यंत त्या खणखणाटात उघड्या कानांनी उभा राहिला. हट्टी तो हट्टी, त्याला सांगणार कोण?

सांगू शकली असती ती एकटी बायको. पण तीही आता नव्हती.

तिची एक गंमत होती. ती शीळ घालायची. ओठांचा चंबू करून मोठ्याने नाही, दातांच्या फटीतून, अगदी बारीक. भांडी पुसताना, कपड्यांच्या घड्या घालताना, कुठलंही हातातलं काम करताना. चाल तिची तिनेच केलेली, कुठून सुरू व्हायची आणि कुठे जायची ते तिलाच ठाऊक. पण ह्याने मान वळवून पाहिलं रे पाहिलं की बंद! "काय बघताय? कामं नाहीत का काही?" लेक कॉलेजात जायला लागली तरी लाजणं गेलं नाही तिचं. मग हाही शहाणा झाला. शीळ सुरू झाली की तिच्याकडे पाठ करून बसायचा, पेपरात डोकं खुपसायचा, आणि एक ओळही न वाचता ऐकत राहायचा.

एकदा घरातलं वॉशिंग मशीन खडखड करायला लागलं. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "काका, आवाज रेकॉर्ड करून पाठवा, म्हणजे कुठला पार्ट आणायचा ते कळेल." कानसेनाने फोन मशीनला टेकवला आणि वाकून उभा राहिला. मागे ओट्यापाशी बायको ताटं पुसत होती. ह्याची पाठ होती, मशीनचा गोंगाट होता, तिला वाटलं असेल कोणाला ऐकू जातंय. तिने शीळ सुरू केली. सबंध चाल घातली, परत पहिल्यापासून धरली, आणि शेवटी थांबून म्हणाली, "झालं का हो तुमचं?" इथे रेकॉर्डिंग संपतं. दुरुस्तीवाला आला, पट्टा बदलला, मशीन गप्प झालं. आणि पुढचं वर्ष उलटायच्या आत तीही गप्प झाली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं होतं तिला. येताना रिक्षात हा आणि लेक, दोघंच.

लग्नाच्या कॅसेटी होत्या, फोटो होते, वाढदिवसाचे व्हिडिओ होते. त्यात ती हसत होती, लोकांना आग्रह करत होती, कॅमेऱ्याला हात करत होती. शीळ कशातच नव्हती. असणार कशी? समोर कोणी बघत असलं की ती घालतच नव्हती! सगळ्या जगात तिची शीळ उरली होती ती एका बिघडलेल्या वॉशिंग मशीनच्या मागे.

आता इथे कानसेनातला लेथवरचा टर्नर आडवा आला. सगळी हयात त्याने वस्तू झिजताना पाहिल्या होत्या. टूल झिजतं, बेअरिंग झिजतं, नग धरणारा पोलादाचा चक झिजतो, मापाचा कॅलिपरसुद्धा हाताळून हाताळून झिजतो. मग ही एवढीशी शीळ झिजणार नाही होय? रोज ऐकली तर पुरणार किती दिवस? त्याने ठरवलं, फक्त रविवारी, फक्त एकदा. सकाळी आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून, खुर्ची वॉशिंग मशीनसमोर ओढून तो हेडफोन चढवायचा. तेही कुठले, तर फुटपाथवरून घेतलेले, स्वस्तातले, एका कानाचं फोम सुटलेलं. आठवडाभर जीव कासावीस व्हायचा. एखाद्या बुधवारी फोन हातात घेऊन बसायचा, बोट बटणापर्यंत न्यायचा, आणि फोन पालथा घालून ठेवायचा. नको. पुढे लागेल. म्हातारपणी लागेल.

लेकीने एकदा विचारलं, "बाबा, मला ऐकवा ना आईची शीळ."

"नको गं. झिजेल."

"अहो, मी तिची कॉपी काढून देते. मग तुम्हाला एक, मला एक."

"कॉपी!" तो खवळलाच. "नगावरून नग काढला की दर वेळी केसभर फरक पडतो. दहावा नग जागेवर बसतच नाही. मला शिकवू नकोस."

लेक कपडे शिवायची, स्वतःचं छोटं दुकान होतं तिचं. हट्टाला हट्ट करणारी नव्हती. डोळे पुसले आणि विषय सोडून दिला. पण तिचीही आई होती ना ती! एवढं त्या माणसाच्या डोक्यात शिरू नये?

असे रविवार जात राहिले. आणि हळूहळू शीळ पुसट व्हायला लागली.

आधी वाटलं, मन थाऱ्यावर नाही. मग शिळेची सुरुवात ऐकूच येईना, मधला तुकडा तेवढा यायचा. मग तोही धुरकट. झिजली! एवढी जपूनही झिजली! त्याने महिन्यातून एकदा ऐकायचं ठरवलं. पुढच्या खेपेला तर काहीच आलं नाही. मशीनची खडखड आणि शेवटी तिचं "झालं का हो तुमचं?" बस्स. त्या रविवारी तो खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडला.

लेक भेटायला आली तेव्हा फ्रिजचं दार उघडंच होतं आणि फ्रिज टीं टीं करून कोकलत होता. "बाबा, केव्हाचा ओरडतोय हा! ऐकू येत नाही का?"

"लक्ष नव्हतं," तो म्हणाला. आणि खरंच त्याला तसंच वाटत होतं.

शीळ येईनाशी झाल्याचं त्याने सांगितलं, तेव्हा लेकीनेच हेडफोनकडे बघून नाक मुरडलं. "ह्या डबड्यातून काय ऐकू येणार? चांगल्या दुकानात दाखवू या." बुडत्याला एवढंही पुष्कळ झालं. शीळ झिजली नसेल, हेडफोनच भिकार असेल! दुसऱ्याच दिवशी दोघं बाजारात गेली.

दुकान अरुंद होतं. भिंतभर टांगलेल्या वायरी, आणि त्यांच्या मागून डोकं काढणारा मालक. त्याला सगळे वायरवाला म्हणत. बोलका माणूस. त्याने नवे हेडफोन दाखवले, पण लगेच म्हणाला, "काका, नुसते हेडफोन बदलून उपयोग नाही. फोनच मुळात त्यांना उपाशी ठेवतो." मग त्याने काड्यापेटीएवढी एक डबी काढली. ती डॅक. फोनमधला आवाज फोनच्या बाहेर, चोख करून देते. तिच्यापुढे दुसरी डबी, ॲम्प. ती त्या आवाजाला जोर देते. "मागे कोणी श्वास घेतला असला ना, तरी ऐकू येईल," तो म्हणाला.

श्वास! कानसेनाने किंमतसुद्धा विचारली नाही.

घरी आल्यावर त्याने दोन्ही डब्या मशीनवर मांडल्या, वायरी नीट जोडल्या, लेकीला बाहेर बसायला सांगितलं, आणि डोळे मिटून बटण दाबलं.

काय तो आवाज! ड्रम घुमतोय, पट्टा घसरतोय, पाणी डचमळतंय. मशीनच्या पायाखालचा डावा स्क्रू ढिला होता, तोही कळला. ताटावर ताट ठेवल्याचा दबका ठोका आला. तिचं पाऊल आलं. ती खाकरली, तेही आलं, आणि तो शहारला. आता येणार, आता येणार. मशीन घुमत राहिलं, घुमत राहिलं. आणि मग अगदी कानाशी, जणू मागेच उभी आहे अशी, "झालं का हो तुमचं?"

शीळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी कानसेन दुकानात जाऊन जो काही उखडला म्हणता! "फसवणूक आहे ही! एवढं सामान गळ्यात मारलंत, आणि काय ऐकू आलं? वॉशिंग मशीन! ते माझ्या घरात आहे, फुकट ऐकू येतं मला!" लेक ओशाळून त्याची बाही ओढत होती.

वायरवाला रागावला नाही. "द्या बघू," म्हणाला, आणि हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवले. कानसेनाने हात पुढे केला होता, अडवायला. पण तोवर ते सुरू झालं होतं.

वायरवाल्याने थोडं ऐकलं आणि चेहरा उजळला त्याचा. "अहो काका, किती गोड शीळ घालतंय हो कोणीतरी! स्वच्छ येतेय की."

लेकीने त्याच्या डोक्यावरून हेडफोन जवळजवळ ओढूनच काढले आणि स्वतः घातले. मग तिने तोंडावर हात दाबला. "आई," एवढंच म्हणाली, आणि तिथेच स्टुलावर बसून हुंदके द्यायला लागली.

"दे, मला दे," कानसेन म्हणाला. "कुठे आहे? कुठल्या जागी?"

लेकीने हेडफोन त्याच्या कानांवर नीट बसवले आणि बोट वर केलं, इथे, आता, बाबा, आता. तो तिच्या बोटाकडे बघत राहिला. मशीन घुमत होतं.

वायरवाल्याच्या काय ते लक्षात आलं. त्याने हेडफोन काढून घेतले, काउंटरवरच्या स्पीकरमधून एक सूर लावला, जाडसर, आणि तो हळूहळू बारीक करत नेला. "काका, ऐकू येतंय तोवर हात वर ठेवा." कानसेनाने हात वर केला. सूर चढत गेला, आणि मग संपला. त्याने हात खाली घेतला आणि समोर पाहिलं. लेक आणि वायरवाला दोघंही स्पीकरकडेच बघत होती. अजून बघत होती. वायरवाल्याने बटण दाबलं तेव्हा कुठे त्यांच्या माना हलल्या.

आयुष्यभर कानाने मापं घेतलेला माणूस तो. त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही.

मग त्याने विचारलं, "म्हणजे ती झिजली नाही?"

"कोण? रेकॉर्डिंग? छे हो काका! ते झिजत नाही. रोज ऐका, दिवसातून शंभरदा ऐका, जसंच्या तसं राहतं."

लेकीने वायरवाल्याकडे असं पाहिलं की तो बिचारा वायरी गुंडाळायला लागला. त्याचा काय दोष? खरं तेच बोलला होता तो. पण कानसेन काउंटरला धरून उभा होता आणि त्याला सगळे बुधवार आठवत होते. पालथा घातलेला फोन आठवत होता. कान होते तेव्हा त्याने शीळ जपून ठेवली. शीळ होती तशी राहिली आणि कान गेले. रोज ऐकता आली असती. सकाळ-संध्याकाळ ऐकता आली असती. दोघं बाप-लेक जेवताना लावून बसली असती. त्या घरात ती इतके दिवस घुमली असती, आणि ह्याने तिला कुलूप घालून ठेवलं.

"गाढव आहे मी," तो म्हणाला. "गाढव आहे गं मी."

"चला बाबा," लेक म्हणाली. "घरी चला."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. कारखान्याच्या आवाजाने, आणि वर वयाने, कान आतून गेले होते, आणि जे गेलं ते परत येणार नव्हतं. कानात घालायचं यंत्र देऊ, म्हणाल्या, बोलणं बरंच कळेल. इतक्या बारीक आवाजाचं मात्र मी वचन देत नाही. यंत्र आलं. बोलणं कळायला लागलं. फ्रिजही कधीमधी ऐकू येतो. शिळेच्या जागी नुसती खरखर येते. ती ऐकून त्याने यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि त्या दिवशी परत घातलं नाही.

पुढच्या रविवारी त्याने लेकीला बोलावून घेतलं. वॉशिंग मशीनसमोरची खुर्ची तिला दिली, हेडफोन स्वतःच्या हाताने तिच्या कानांवर चढवले. "तू ऐक," म्हणाला. "मनसोक्त ऐक. कॉपी काढ, दहा काढ." आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत समोर स्टुलावर बसला. चेहऱ्यावरून तरी कळेल, आता चाल वर गेली, आता खाली आली.

लेकीने डोळे मिटले होते. पुन्हा पुन्हा लावून ती ऐकत राहिली. आणि मग तिच्या नकळत तिचे दात जुळले, ओठ किंचित फाकले, मानेची शीर हलायला लागली. हुबेहूब. आईच बसली होती समोर. ही पोरगी कधी शीळ घालत नव्हती, आणि आता घालत होती.

तिने डोळे उघडले. बाप बघतोय हे पाहून ती चटकन थांबली. लाजली.

कानसेन घाईने उठला. त्याने स्टूल वळवलं आणि तिच्याकडे पाठ करून बसला. जवळचा पेपर उचलला आणि उघडून तोंडासमोर धरला.

"चालू दे," तो म्हणाला. "मी नाही बघत."

मागे काहीच ऐकू येत नव्हतं. तो वाट बघत राहिला. मग न राहवून, मान न वळवता त्याने विचारलं, "चालू आहे का गं?"

"हो बाबा," लेक म्हणाली.

पण हो म्हणायला तिला शीळ थांबवावी लागली होती, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणून मग त्याने विचारणं सोडून दिलं, आणि पेपर धरून तसाच बसून राहिला.